एक खलाशी आणि एक्केचाळीस दाढ्या

आमच्या गल्लीतली सगळी दुकानं समुद्राकडे तोंड करून उभी आहेत, आणि आम्ही दुकानदारही तसेच. माझं केशकर्तनालय, शेजारी शिंप्याचं दुकान, मग घड्याळजी, मग मावशींची खानावळ आणि टोकाला माझ्या मेहुण्याचा फोटो स्टुडिओ. पाचही जणांची पोटं जहाजांवर चालायची. धक्क्याला जहाज लागलं की भोंगा वाजायचा आणि भोंगा वाजला की शटर वर जायची. भोंगा नसेल त्या दिवशी शटर अर्धं. म्हणजे दुकान बंदही नाही आणि उघडंही नाही. आत दुकानदार पेपर वाचत बसलेला आणि बाहेरून फक्त त्याच्या चपला दिसतात. ही पद्धत माझ्या वडिलांच्या काळापासूनची. दुकानाच्या पाटीवर त्यांनी लिहून घेतलं होतं, 'खलाशांसाठी खास'. गावातलं कुणी दाढीला आलं तर आम्ही नाही म्हणायचो नाही, पण त्याला शटरखालून वाकून यावं लागायचं, आणि वाकून येणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी फार मान देत नाही.

हे मी अभिमानाने सांगतोय असं समजू नका. तेव्हा मात्र अभिमान होता.

मग जुना धक्का बंद झाला आणि खाडीपलीकडे नव्या बंदराचं काम निघालं. सहा वर्षं चाललं. सहा वर्षं भोंगा नाही, म्हणून सहा वर्षं शटर अर्धं. वाकून येणाऱ्यांवर आम्ही कसाबसा तग धरला. या काळात गल्लीत एकच माणूस खुशीत होता, तो म्हणजे माझा मेहुणा. त्याला सगळे 'अंदाजपंचे' म्हणतात. त्याच्या तोंडावरसुद्धा म्हणतात, त्याला ती पदवी वाटते. तो एकदा 'बंदर विकास आणि किनारी शहरांची आर्थिक वाढ' अशा नावाच्या दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आला होता. तिथून त्याने एक कापडी पिशवी, एक पेन आणि एक वाक्य आणलं. बंदरात एक नोकरी निघाली की शहरात सहा निघतात, हे ते वाक्य. पिशवी फाटली, पेन सुकलं, वाक्य काही संपेना.

"भाऊजी, एकास सहा," असं म्हणत त्याने माझ्या आरशावर साबणाने लिहून ठेवलं होतं. दाढी करताना गिऱ्हाइकाला स्वतःच्या कपाळावर एकास सहा दिसायचं.

नव्या बंदराला पहिलं मोठं जहाज लागणार अशी तारीख आली तेव्हा तो कागद घेऊन माझ्या दुकानात वाकून शिरला. म्हणाला, "जुनं जहाज शंभर पावलांचं असायचं. त्यावर तीस खलाशी. बरोबर?"

"बरोबर."

"हे चारशे पावलांचं आहे. म्हणजे लांबी चौपट. पण जहाज काय नुसतं लांब असतं का? रुंदीही चौपट धरा, उंचीही चौपट धरा. चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट. चौसष्ट गुणिले तीस." त्याने कागद माझ्यापुढे धरला. "एक हजार नऊशे वीस खलाशी. आता याला सहाने गुणू का?"

"नको," मी म्हटलं. "माझ्याकडे खुर्ची एकच आहे."

हसायला काय जातं, पण खरं सांगू का, मी त्या कागदावर विश्वास ठेवला होता. ठेवावाच लागत होता. कारण घरात, म्हणजे दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत, बॅगा भरायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. आमची लेक लग्न होऊन दूरच्या शहरात राहते. तिच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक सलून आहे आणि तिथे तिने माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. मालकाचं वय पंचवीस. तिथे कात्रीला हात लावत नाहीत, सगळं मशीनने करतात. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त बसायचं. गिऱ्हाइकांना जुन्या माणसाचं कौतुक वाटतं." मी काय शोकेसमधली वस्तू आहे?

पण बायको जायला तयार होती. तिने मला एका संध्याकाळी समोर बसवून सांगितलं, "अहो, हे शेवटचं. त्या जहाजावरचा एक माणूस तुमच्या खुर्चीत बसला तर आपण इथेच राहू. नाही बसला तर त्याच आठवड्यात निघायचं, आणि तोंड वाकडं करायचं नाही."

"एकच?"

"एकच. पण नुसता बसवायचा नाही, वस्तरा चालला पाहिजे. दुकान भरलेलं दिसावं म्हणून तुम्ही शिंपीभाऊजींना दिवसदिवस खुर्चीत बसवता, ते मला माहीत आहे. आणि ते जहाज जायच्या आत."

एक हजार नऊशे वीसमधला एक. मी हसत हसत कबूल झालो.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, ती म्हणजे मागचा रस्ता. आमच्या दुकानांच्या पाठीमागून एक रस्ता जातो. तो खाडीच्या पुलावरून नव्या बंदराच्या फाटकाकडे जातो हे आम्हाला तो बांधून पुरा झाल्यावर कळलं, कारण तिकडे बघतं कोण? गेले सहा महिने त्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली असायची, आधी बांधकामाच्या मालाचे ट्रक, मग कंटेनरचे. धूळ, हॉर्न, धूर. माझ्या दुकानाला मागे एक दार आहे, पण ते बायकोच्या अखत्यारीतलं. ती रोज सकाळी दुकानातलं साबणाचं पाणी त्या दाराने बाहेर फेकते. मी त्या दारातून शेवटचा कधी गेलो होतो, मला आठवत नाही.

त्या ट्रकांविरुद्ध आम्ही बंदराच्या साहेबांकडे तीन अर्ज दिले होते. मजकूर अंदाजपंचेंचा. 'सदर ट्रकांमुळे बंदराच्या विकासाची फळे आमच्यापर्यंत पोहोचण्यास अडथळा होत आहे, तरी ते अन्यत्र हलवावेत.' पहिली सही माझी, कारण सभा माझ्या दुकानात होती. बायको तेव्हा मागून म्हणाली होती, "अरे, ती माणसं दोन-दोन दिवस रांगेत असतात."

"ताई, ती माणसं नाहीत," मेहुणा म्हणाला होता. "ती वाहतूक आहे."

जहाजाचा दिवस उजाडला. मी वस्तऱ्याला धार लावून ठेवली होती, इतकी की स्वतःची दाढी करतानाही मला आदराने वागावं लागलं. टॉवेल बावीस. शिंप्याने सात भाषांत 'या, बसा' पाठ केलं होतं, पण कोणती भाषा कोणती हे तो विसरला होता, म्हणून त्याने सातही एका दमात म्हणायचं ठरवलं. मावशींनी नव्वद माणसांचं जेवण चढवलं होतं. अंदाजपंचेने स्टुडिओतला धबधब्याचा पडदा धुऊन काढला. त्यात धबधब्याचा रंग गेला, नुसता डोंगर राहिला.

सकाळी दहाला भोंगा वाजला. काय आवाज होता तो. आमची पाचही शटर एका दमात वर गेली, आणि सहा वर्षांनी माझ्या आरशात समुद्र दिसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी टॉवेलाने पुसलं. एकवीस राहिले.

अकरा वाजले. बारा वाजले. मावशींनी दोनदा भात परतून झाकला. साडेबारा झाले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी बंदराची एक पांढरी व्हॅन येऊन थांबली. दार सरकलं आणि एक माणूस खाली उतरला. आम्ही त्याच्या मागे बघत राहिलो. ड्रायव्हरने दार लावून घेतलं.

"बाकीचे?" मेहुण्याने विचारलं.

"कसले बाकीचे?" ड्रायव्हर म्हणाला. "अख्ख्या जहाजावर माणसं एकवीस. आता सगळं मशीनवर चालतं. वीस जण कामावर नाहीतर झोपलेले. हा आचारी, ह्याला चार तासांची सुट्टी मिळालीय. जहाज साडेसहाला सुटणार. ह्याला साडेचारच्या आत फाटकात आणून सोडा." आणि व्हॅन गेली.

डोंगर पोखरून उंदीर म्हणतात तो हा. पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. आचाऱ्याने आम्हाला नमस्कार करायला टोपी काढली. खाली टक्कल. साधंसुधं नाही, मागे चार केस, कानांवर दोन असलं काही नाही. पूर्ण. गाल तसेच, हनुवटी तशीच. मला वाटलं, कुणीतरी माझी बिनपाण्याने केली.

मागे वळून पाहिलं तर बायको दुकानाच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

मेहुणा मात्र डगमगला नाही. "एक असला म्हणून काय झालं? वाटून घेऊ," म्हणाला. लगेच वेळापत्रक ठरलं. प्रत्येकाला अर्धा-अर्धा तास, आणि जेवण मोठं म्हणून मावशींना एक तास. शिंप्याने सातही भाषांत 'या, बसा' म्हटलं. आचारी घाबरून बसला. त्याच्या शर्टाला एक बटण नव्हतं, ते शिंप्याने लावलं. पण अर्धा तास भरायचा होता म्हणून उरलेली सगळी बटणंही काढून पुन्हा लावली. घड्याळजीने त्याच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं आणि साफ करायला उघडलं. घड्याळ ठणठणीत होतं. उघडल्यावर बंद पडलं. "उद्या न्या," असं तो सवयीने म्हणाला आणि घड्याळ स्वतःच्या खणात ठेवलं. स्टुडिओत डोंगरापुढे फोटो झाला. मावशींकडे आचाऱ्याने पहिला घास घेतला आणि रडायला लागला. आम्हाला वाटलं तिखट लागलं. त्याला आमची भाषा थोडीफार येत होती, शंभरेक शब्द असतील. तो म्हणाला, "बावीस वर्षं मी करतो. दुसऱ्याच्या हातचं नाही." मग मावशीही रडल्या. त्यांचा एक तास असाच गेला, आणि वर आणखी थोडा.

मग माझी पाळी. मी त्याला खुर्चीत बसवला, अंगावर चादर टाकली आणि त्याच्या डोक्याकडे बघत राहिलो. आरशात तोही स्वतःच्या डोक्याकडे बघत होता, आणि कपाळावर एकास सहा. मी तळहात फिरवला. गालावरून फिरवला. कानामागे, मानेवर, हनुवटीखाली भिंग लावून पाहिलं. एखादा चुकार केस तरी असेल, माणूस आहे शेवटी.

"रोज सकाळी मीच करतो," तो ओशाळून म्हणाला. "जेवणात केस नको म्हणून. माफ करा."

त्याची काय चूक? मी त्याच्या डोक्याला तेल लावून मालिश करून दिली. बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. वस्तरा चालला नव्हता.

घड्याळजीच्या भिंतीवरच्या चौदा घड्याळांपैकी जी चालू होती त्यांत तेव्हा साडेतीन झाले होते. फाटक चालत पाऊण तासावर. अंदाजपंचे फोटो धुण्यात अडकलेला, शिंपी बटणं शोधण्यात, म्हणून आचाऱ्याला पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी निघालो आणि जाताना माझी पेटी उचलली. आता पेटी कशाला? पाऊण तासात माणसाचं काहीतरी उगवू शकतं असं मला वाटत होतं. आशा ही अशी बेशरम असते.

जवळची वाट मागच्या दाराने. दार उघडून मी पायरी उतरलो आणि पहिल्यांदा तो रस्ता नीट पाहिला. ट्रकामागे ट्रक, ट्रकामागे ट्रक, वळणापलीकडेपर्यंत. ट्रकांच्या सावलीत माणसं बसलेली. कुणी स्टोव्ह पेटवलेला, कुणी शर्ट धुतोय, कुणी नुसताच चाकाला टेकून आकाशाकडे बघतोय. आम्ही भराभर चालत होतो. दहाव्या-बाराव्या ट्रकाशी एक ड्रायव्हर उठून उभा राहिला.

"काका, ती पेटी दाढीची ना?"

"हो."

"मग करा ना माझी. तीन दिवस रांगेत आहे. उद्या घरी जायचंय, बायको ओळखायची नाही."

मी नाक मुरडलं. म्हटलं, "मी खलाशांची करतो." माझ्या तोंडून हे गेलं, आणि ज्याच्या जिवावर मी ते बोललो तो एकुलता खलाशी शेजारी टक्कल घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहिलं आणि ड्रायव्हरच्या गालावर हात फिरवला. मग माझा हात धरून तिथे ठेवला. तीन दिवसांची, दाट, खरखरीत दाढी. सहा वर्षांत माझ्या हाताला असं काही लागलं नव्हतं.

"एकच," मी म्हटलं. ड्रायव्हर जुन्या टायरवर बसला. मी फेस केला.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. अर्धी दाढी सोडून उठायचं नाही. घराला आग लागली तरी दुसरा गाल पुरा करायचा, कारण एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने झाडी असा माणूस गावात फिरला तर त्याची नाही, आपली अब्रू जाते. हा नियम चांगला आहे, पण त्याला एक खोट आहे. पहिल्याचा शेवटचा हात फिरतोय तोवर दुसऱ्याने स्वतःच तोंडाला फेस लावून घेतला होता. आता फेस लावलेला माणूस म्हणजे सुरू झालेलाच माणूस. तो संपेपर्यंत तिसरा फेस लावून तयार. मध्येच रांग पुढे सरकली. चौथा अर्ध्या दाढीनिशी ट्रकात चढला, तेव्हा मीही वस्तरा घेऊन त्याच्या शेजारी चढलो. ट्रक पन्नास पावलं गेला, मी तेवढ्यात डावा गाल उरकला.

"वेळ किती झाला?" मी मधूनमधून विचारत होतो. आचारी सवयीने मनगट बघायचा आणि मनगट मोकळं असायचं. मग तोही एका स्टोव्हपाशी जाऊन बसला. तिथे कुणाचा तरी रस्सा करपत होता आणि ते त्याला बघवलं नाही. त्याने डाव हातात घेतला. थोड्या वेळाने त्याच्या भोवतीही माणसं जमली. मी एका टोकाला फेस करतोय, तो दुसऱ्या टोकाला ढवळतोय. इतकं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

भोंगा वाजला तेव्हा माझ्या हाताखाली उजवा गाल होता.

मी वर पाहिलं. ट्रकांच्या टपांवरून, झोपड्यांच्या पत्र्यांवरून एक निळी भिंत हळूहळू सरकत होती. जहाज निघालं होतं. आचारी हातात डाव घेऊन उभा होता. तो एकदा जहाजाकडे बघे, एकदा पातेल्याकडे. मग त्याने पातेलं खाली उतरवलं, कारण रस्सा झाला होता.

मी तो उजवा गाल पूर्ण केला. एक्केचाळिसावा.

घरी परत येताना मी मनात बॅगा भरत होतो. वस्तरा कुठे ठेवायचा, आरसा कुणाला द्यायचा. पैज हरलो होतो आणि वर एका भल्या माणसाचं जहाज घालवलं होतं. मागच्या दाराने आत शिरलो तर समोर सगळी गल्ली उजळलेली. जहाज सुटताना वाजलेला भोंगा ऐकून सगळ्यांनी शटर पुन्हा वर केली होती. भोंगा वाजला म्हणजे जहाज आलं, एवढंच आम्हाला शिकवलेलं. पाच दारांत चार दुकानदार आणि माझी बायको, सगळे समुद्राकडे बघत उभे. नाही, बायको नाही. ती मागच्या दाराकडे बघत होती.

"हा परत कसा आला?" तिने विचारलं.

"ह्याचं जहाज गेलं."

"कुणामुळे?"

"माझ्यामुळे. मी दाढ्या करत होतो."

"किती?"

"एक्केचाळीस."

तेवढ्यात बंदराची व्हॅन येऊन थांबली. आतून बंदराचे साहेब उतरले, हातात फाइल. ते आचाऱ्याला शोधत आले होते. त्याला बघून त्यांना हायसं वाटलं. म्हणाले, त्याच कंपनीचं पुढचं जहाज अकरा दिवसांनी आहे, तोवर ह्याची सोय कुठेतरी करायला हवी. "माझ्याकडे," मावशी म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला वाव न देता.

"आणि तुमच्यासाठी एक आनंदाची बातमी," साहेब फाइल उघडत म्हणाले. "तुमचे तिन्ही अर्ज मंजूर झालेत. सोमवारपासून ट्रकांची रांग इथून हलणार. गावाबाहेर, माळावर. तुम्हाला धुळीचा त्रास नाही, काही नाही."

मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. शिंप्याने वाजवल्या. घड्याळजीनेही वाजवल्या. माझ्या हाताला अजून साबणाचा वास येत होता.

"नको," मी म्हटलं.

"काय नको?"

"ट्रक हलवू नका."

"अहो, पण पहिली सही तुमचीच आहे," साहेबांनी कागद दाखवला. माझीच होती, आणि झोकदार होती. मेहुणा माझ्या कानाशी लागला, "भाऊजी, विकासाची फळं."

"फळं मागच्या दारी लागलीत रे गाढवा," मी म्हटलं. "आणि आपण सहा महिने त्यांच्या अंगावर साबणाचं पाणी फेकतोय. तीन-तीन दिवस माणसं बसून आहेत. त्यांना दाढी हवी, जेवण हवं, फाटलेलं शिवून हवं. आपण इकडे बसलोय समुद्राची आरती ओवाळत. ते एक हजार नऊशे वीस आहेत ना, ते तिकडे आहेत. मी सगळ्यांत मोठा मूर्ख, पहिली सही माझी."

असं कुणी आपल्याच पाटीखाली उभं राहून बोलत नाही. साहेबांनी घसा साफ केला. म्हणाले, मंजूर झालेला अर्ज मागे घ्यायला नवा अर्ज लागेल, आणि त्यावर गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिली कुणी करायची?

बायको पुढे आली. मेहुण्याच्या खिशातलं पेन तिने काढून घेतलं, ते सुकलेलं निघालं, म्हणून साहेबांचं घेतलं, आणि कोऱ्या कागदाच्या तळाशी सही केली. म्हणाली, "मजकूर वर नंतर लिहा."

"तू कशी काय?" माझ्या तोंडून निघून गेलं. "आपण तर निघणार. मी हरलो."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. "सहा महिने मी त्या दाराने त्यांना प्यायला पाणी देतेय. त्यांची नावंगावं मला माहीत आहेत. तुम्हाला सांगावं तर तुमची सगळ्यांची तोंडं तिकडे." मग तिने आवाज खाली आणला, पण गल्ली अरुंद आहे, सगळ्यांना ऐकू गेलं. "मला कुठे जायचं होतं हो? रिकाम्या खुर्चीशेजारी दिवसभर बसलेले तुम्ही मला बघवत नव्हता. म्हटलं, निदान तिकडे लेकीसमोर तरी बसाल. हात दाखवा."

मी हात दाखवले. बोटं सुजली होती, अंगठ्याला वस्तऱ्याचा छोटा काप होता. तिने हात बघितले आणि पदराने पुसले.

रात्रीच्या आत सह्या झाल्या. बॅगा पलंगाखाली गेल्या. लेकीला फोनवर एवढंच सांगितलं की बाबांना वेळ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचारी मावशींकडून उठून थेट माझ्याकडे आला. रोजची दाढी त्याने केली नव्हती. डोक्यावर बारीक काळी खूण उमटली होती. तो येऊन खुर्चीत बसला आणि मान मागे टाकून डोळे मिटले. बावीस वर्षांत दुसऱ्याच्या हातचं जेवला नव्हता तसाच दुसऱ्यापुढे दाढीलाही बसला नव्हता. मी वस्तरा चालवला. जहाज गेलेलं होतं, पैजेत ते धरता येत नव्हतं, पण मी त्याचं डोकं असं केलं की आरशातला समुद्र त्यात दिसावा.

मग मागचं दार उघडलं, पायरीवर टायर ठेवला आणि पाटी काढून त्या दारावर ठोकली. 'खलाशांसाठी खास' वर रंग मारायला वेळ नव्हता. दारात आठ जण उभे होते, सगळ्यांनी आधीच फेस लावलेला.

बायकोने साबणाचं पाणी भरलेली बादली उचलली, नेहमीप्रमाणे मागच्या दाराकडे आली, माणसं बघून थबकली आणि वळली. पुढच्या दारातून तिने ती बादली समुद्राच्या दिशेने भिरकावली. तिथे अंदाजपंचे पुढच्या जहाजाची वाट बघत उभा होता.